फ्लेमिंग यांची बुरशी आणि हृदयाची झडप

पिंपरीत ‘एचए’ एवढे म्हटले तरी रिक्षावाल्याला पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. एचए कॉलनी आणि एचए मैदान सगळ्यांच्या ओळखीचे आहे. २०१६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते याच मैदानावर. या दोन अक्षरांमागचे पूर्ण नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली ही कंपनी स्थापन झाली ती मुख्यतः एका औषधासाठी, ते औषध म्हणजे पेनिसिलिन. त्याचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याला माहीत असतात. काचेची बशी, तिच्यावर पडलेली बुरशी आणि मेलेले जंतू, एवढी गोष्ट बहुतेकांना आठवते. पण या औषधाचा हृदयाच्या झडपांशी किती जवळचा संबंध आहे, हे सहसा सांगितले जात नाही. फ्लेमिंग यांचे आयुष्य त्या बाजूने पाहिले, तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातील आई-वडिलांच्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा करावे लागते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आणि शरीराकडे जाणाऱ्या महारोहिणीच्या तोंडाशी असलेली एओर्टिक झडप या दोघींवर सर्वांत जास्त दाब असतो. झडप दोन प्रकारे बिघडते. एक तर ती आकसून नीट उघडत नाही, किंवा सैल पडून नीट मिटत नाही. पहिल्या प्रकारात रक्त मागे तुंबते, दुसऱ्यात ते उलटे गळते. काही रुग्णांत दोन्ही एकदम असते.

शेतकऱ्याचा मुलगा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर झाला. वडिलांचे हे दुसरे लग्न होते. मुलगा सात वर्षांचा असताना वडील वारले आणि शेत, गुरे-मेंढ्या व मोठे कुटुंब आईने सांभाळले. शाळेला रोज माळरानातून पायी जावे लागे. पक्ष्यांची घरटी शोधणे, ओढ्यात हाताने मासे पकडणे यात सुट्ट्या जात. बारीकसारीक गोष्टीवर नजर ठेवण्याची सवय इथे लागली, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

तेराव्या वर्षी ते लंडनला थोरल्या भावाकडे राहायला गेले. थोडे शिक्षण झाल्यावर जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. डॉक्टर होण्याइतके पैसे घरात नव्हते. मग एका अविवाहित काकांच्या मृत्यूनंतर २५० पौंड वाट्याला आले आणि वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. लंडनमधल्या डझनभर वैद्यकीय शाळांपैकी त्यांनी सेंट मेरीज हॉस्पिटलची शाळा निवडली. तेथल्या संघाविरुद्ध ते वॉटर पोलो खेळले होते, एवढीच त्या शाळेशी ओळख.

१९०६ मध्ये ते डॉक्टर झाले. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. पण ते उत्तम नेमबाज होते आणि रुग्णालयाच्या रायफल क्लबला असा खेळाडू सोडायचा नव्हता. त्यामुळे त्यांना अल्म्रॉथ राइट यांच्या जंतुशास्त्र विभागात जागा मिळवून देण्यात आली. टायफॉइडची लस तयार करणाऱ्यांमध्ये राइट यांचे नाव आघाडीवर होते. फ्लेमिंग पुढे आयुष्यभर याच रुग्णालयात राहिले.

पहिली गाठ एओर्टिक झडपेशी

१९१० साली जर्मनीत पॉल एर्लिश यांचे साल्व्हर्सान हे औषध बाजारात आले. उपदंशावर, म्हणजे सिफिलिसवर, परिणाम करणारे ते पहिले भरवशाचे औषध होते. ते शिरेतून द्यावे लागे आणि त्या काळी शिरेतून इंजेक्शन देण्याचे कसब थोड्याच डॉक्टरांकडे होते. फ्लेमिंग त्यांपैकी एक. लंडनमध्ये हे उपचार करणारे डॉक्टर म्हणून त्यांचे चांगले नाव झाले.

आज उपदंश आणि हृदय यांचा संबंध तरुण डॉक्टरांनाही परीक्षेपुरता आठवतो. उपचार न झालेला उपदंश दहा-वीस वर्षांनी महारोहिणीच्या मुळाशी पोहोचतो. तिथली भिंत कमकुवत होऊन फुगते, झडपेची पाती एकमेकांपासून दूर जातात आणि प्रत्येक ठोक्याला रक्त मागे गळू लागते. नाडी उसळते, मानेच्या शिरा उडताना दिसतात आणि हळूहळू हृदय थकते. त्या काळच्या रुग्णालयांत असे रुग्ण नेहमी दिसत. साल्व्हर्सानमध्ये आर्सेनिक होते. उपचार लांबलचक आणि त्रासदायक असत. पुढे त्याची जागा पेनिसिलिननेच घेतली आणि उपदंशाने बिघडलेली झडप ही गोष्ट दुर्मीळ झाली.

युद्ध, नाकाचा शेंबूड आणि बुरशी

पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग फ्रान्समधील बुलोन येथे होते. एका जुगारगृहाच्या इमारतीत रुग्णालय आणि प्रयोगशाळा थाटली होती. गोळ्या आणि बॉम्बच्या तुकड्यांनी झालेल्या खोल जखमांत जंतुनाशक द्रव ओतण्याची तेव्हा पद्धत होती. फ्लेमिंग यांनी दाखवून दिले की जखमेच्या कानाकोपऱ्यातल्या जंतूंपर्यंत तो द्रव पोहोचत नाही, उलट शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच मारतो. जंतू मरावेत पण शरीराच्या पेशींना इजा होऊ नये, असे काहीतरी हवे, ही गरज त्यांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट झाली ती तिथे. १९१५ मध्ये त्यांनी सारा या आयरिश परिचारिकेशी लग्न केले.

युद्धानंतर त्यांनी सर्दी झालेल्या स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतूंच्या बशीवर टाकून पाहिला आणि लायसोझाइम हे द्रव्य सापडले. अश्रू, लाळ आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातही ते असते. ते निरुपद्रवी जंतूंना विरघळवत होते, रोग करणाऱ्यांना फारसे नाही. शोध म्हणून त्याला महत्त्व आले, औषध म्हणून नाही. पण बशीवर जंतू विरघळलेले दिसले तर त्याचा अर्थ काय, हे ओळखणारी नजर तयार झाली होती.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर टेबलावर साठलेल्या बशा चाळताना त्यांना एक बशी वेगळी दिसली. तिच्यावर स्टॅफिलोकॉकस जंतू वाढवलेले होते. काठाला बुरशीचा ठिपका होता आणि त्याच्या भोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. बुरशी चढलेल्या बशा प्रयोगशाळेत नेहमीच धुऊन टाकल्या जात. फ्लेमिंग यांनी ही जपून ठेवली. बुरशी पेनिसिलियम जातीची निघाली, म्हणून तिच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले. त्यावरचा त्यांचा निबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या रसापुढे कोणते जंतू टिकत नाहीत, याची यादी त्यांनी केली. त्या यादीत घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस होता. रस पांढऱ्या पेशींना इजा करत नाही, हेही त्यांनी तपासले. पण रसातून शुद्ध औषध वेगळे काढणे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जमले नाही. ते काही दिवसांतच निकामी होई. पुढची दहा वर्षे पेनिसिलिनचा उपयोग मुख्यतः प्रयोगशाळेतच झाला.

ऑक्सफर्डचे आठ उंदीर

ते काम पुढे नेले ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसची प्राणघातक मात्रा टोचली आणि त्यांतल्या चारांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते. औषध मिळालेले जगले होते. १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला, एका पोलिसाला, औषध देण्यात आले. तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून देण्याचाही प्रयत्न झाला, तरी तो वाचला नाही. शोध लागणे आणि औषध पुरेसे मिळणे यांत किती अंतर असते, ते या एका मृत्यूने दाखवले.

मोठ्या टाक्यांत, हवा खेळवत, ढवळत बुरशी वाढवण्याचे तंत्र अमेरिकेत विकसित झाले आणि महायुद्ध संपता संपता औषध भरपूर प्रमाणात मिळू लागले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून देण्यात आले.

घसा आणि झडप

स्ट्रेप्टोकॉकसला एवढे महत्त्व का, तर तो घशात येतो आणि जखम हृदयावर करून जातो. ‘ग्रुप ए’ जातीच्या या जंतूने घसा धरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती उभी करते. काही मुलांत ही प्रतिकारशक्ती चुकते. जंतूच्या आणि आपल्या हृदयाच्या काही घटकांत साम्य असल्याने ती झडपांवरच हल्ला करते. घसा बरा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. एक बरा होतो तोच दुसरा धरतो. काही मुलांचे हातपाय नकळत वेडेवाकडे हलू लागतात. हाच संधिवाताचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटिक फीवर. तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो.

सांधे पूर्ण बरे होतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. झडप मात्र विसरत नाही. प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर तिच्यावर नवी जखम होऊ शकते. पाती जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात. मोठ्या माणसाच्या मायट्रल झडपेचे तोंड उघडल्यावर ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाले की आजार गंभीर समजतात. रक्त फुप्फुसात तुंबते. जिना चढताना धाप लागते, रात्री उशा रचून बसावे लागते, कधी थुंकीतून रक्त येते. डावा वरचा कप्पा फुगून ठोके अनियमित होतात, तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. अनेक बायकांना हा आजार पहिल्यांदा कळतो तो गरोदरपणात. त्या काळात शरीरातले रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि अरुंद झडपेला तो भार पेलत नाही.

या साखळीत पेनिसिलिन कुठे बसते, ते १९५० साली स्पष्ट झाले. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका हवाई तळावर तरुण सैनिक दाटीवाटीने बराकींत राहत होते आणि घसादुखीची साथ वारंवार येई. तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की स्ट्रेप्टोकॉकसने धरलेल्या घशावर वेळीच पेनिसिलिन दिले, तर संधिवाताचा ताप बहुतांशी टळतो. आज आपल्याला माहीत आहे की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांत उपचार सुरू झाला तरी हा फायदा मिळतो. त्याच सुमारास बेन्झाथिन पेनिसिलिन हे नवे रूप आले. स्नायूत टोचल्यावर ते कित्येक आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहते. ज्या मुलाला एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी हे इंजेक्शन देऊन पुढचे हल्ले रोखता येऊ लागले.

आणखी एका आजाराचे चित्र पालटले. बिघडलेल्या झडपेवर रक्तातले जंतू सहज घर करतात. याला जंतुसंसर्गजन्य एंडोकार्डायटिस म्हणतात. पेनिसिलिनपूर्वी असा रुग्ण वाचणे जवळपास अशक्य होते. १९४० च्या दशकात मोठ्या मात्रेत, आठवडे-आठवडे पेनिसिलिन दिल्यावर असे रुग्ण बरे होऊन घरी जाऊ लागले.

पण सगळे श्रेय औषधाला देणे बरोबर नाही. युरोपात हा ताप पेनिसिलिन येण्याआधीपासूनच कमी होत होता, कारण घरे मोठी झाली होती आणि एका खोलीत झोपणाऱ्यांची संख्या घटली होती. हा आजार गर्दीचा आणि गरिबीचा आहे. औषधाने त्याच्या माघारीचा वेग वाढवला.

१९५५

भारतात तेव्हा पेनिसिलिन परदेशातून येत असे. ते देशात तयार व्हावे म्हणून केंद्र सरकारने पिंपरीची जागा निवडली. जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले, युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीतील ही देशातली पहिली सरकारी कंपनी. आजच्या उद्योगनगरीची वाढ व्हायची होती. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांत हा एक.

त्याच वर्षी ११ मार्चला फ्लेमिंग लंडनमधील घरी हृदयविकाराच्या झटक्याने वारले. ते ७३ वर्षांचे होते. पहिली पत्नी १९४९ मध्ये गेली होती. १९५३ मध्ये त्यांनी आपल्याच विभागात काम केलेल्या अमालिया या ग्रीक जंतुशास्त्रज्ञ महिलेशी विवाह केला होता. त्यांच्या अस्थी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या.

त्यांचा मृत्यू हृदयाने झाला, तरी झडपेच्या आजाराशी त्याची गल्लत करू नये. झटका येतो तो हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडल्यामुळे. त्यामागे वय, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि चरबी असते. फ्लेमिंग स्वतः सतत सिगारेट ओढत. त्या आजारावर पेनिसिलिनचा उपयोग नाही. संधिवाताच्या तापाने बिघडणारी झडप हा बालपणी सुरू होणारा, जंतूमुळे होणारा आणि टाळता येणारा हृदयविकार आहे.

आपल्या दाराशी

भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात कामासाठी आलेली अनेक कुटुंबे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरतो. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल तर बहुधा प्रतिजैविकाची गरज नसते. दुकानातून गोळ्या आणून देऊ नयेत. पण शाळकरी मुलाला एकाएकी ताप आला, गिळताना खूप दुखते, घसा लालभडक आहे किंवा आत पांढरट पू दिसतो, जबड्याखाली गाठी आल्या आहेत आणि खोकला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. औषध दिले तर ते सांगितलेले सर्व दिवस पूर्ण करावे. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, हा इशारा फ्लेमिंग यांनी नोबेलच्या भाषणातच दिला होता. स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत तो लवकरच खरा ठरला. घशातला ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस मात्र आजही पेनिसिलिनला दाद देतो. ऐंशी वर्षांचे जुने आणि स्वस्त औषध आजही पहिल्या पसंतीचे असावे, असे वैद्यकशास्त्रात क्वचितच घडते.

मुलाचे सांधे एकामागून एक सुजत असतील, तर वाढीचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. स्टेथोस्कोपने तपासणी आणि टू-डी इको यातून झडपेची स्थिती कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत येणारी पथके या आजारासाठीही मुलांना तपासतात. त्या दिवशी मुलाला शाळेत जरूर पाठवावे.

निदान झाल्यावर खरी कसोटी सुरू होते. इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, आणि तेही अनेक वर्षे. झडपेला इजा नसेल तर किमान पाच वर्षे किंवा विशीपर्यंत. इजा असेल तर दहा वर्षे किंवा अधिक, कधी चाळिशीपर्यंत. नेमका काळ डॉक्टर ठरवतात. इंजेक्शन दुखते. आईचा किंवा वडिलांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. मूल हिंडते-फिरते आहे, मग सुई कशाला, असे वाटू लागते. गावाला गेल्यावर एक तारीख चुकते, मग दुसरी. झडप बिघडते ती बहुतेकदा अशा चुकलेल्या तारखांत. कार्ड सोबत ठेवले तर गावाकडच्या सरकारी दवाखान्यात विचारून तारीख पाळता येते. पेनिसिलिनची गंभीर ॲलर्जी क्वचित होते, तरी इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावे, नंतर अर्धा तास तिथेच थांबावे आणि पूर्वी कधी त्रास झाला असेल तर आधी सांगावे. पर्यायी औषधे आहेत. झडपेचा आजार असलेल्यांनी दात स्वच्छ ठेवावेत आणि दंतवैद्याला आजाराची कल्पना द्यावी. अशा मुलीचे लग्न ठरले किंवा दिवस राहिले, तर हृदयतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. आजार लपवून तिचाच जीव धोक्यात येतो.

झडप अरुंद झालीच, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते. फारच खराब झाली तर कृत्रिम झडप बसवता येते. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ताची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. पेनिसिलिन चिकटलेली झडप उघडू शकत नाही. त्याचा उपयोग त्याआधीच्या काळात आहे, मूल शाळेत जात असताना, आणि तो काळ ठरावीक वर्षांचा असतो. ज्या घरात असे मूल आहे, त्यांनी दिनदर्शिकेवर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेभोवती आजच गोल करून ठेवावा.